पुतळा कोणाचा, श्रम कोणाचे?

व्ही. शांताराम यांच्या १९७२ सालच्या ‘पिंजरा’इतके प्रेम मराठी प्रेक्षकाने फार थोड्या नृत्यप्रधान चित्रपटांना दिले असेल. राम कदम यांचे संगीत, जगदीश खेबुडकर यांची गीते, संध्या यांचे नृत्य, डॉ. श्रीराम लागू यांचा अभिनय, यांचे श्रेय निर्विवाद आहे. ही कथा दोषी कोणाला ठरवते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि तो कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे.

कथेचे मूळ जर्मन. हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या ‘प्रोफेसर उनराट’ या कादंबरीचा नायक विद्यार्थ्यांना छळणारा, सत्तेची चटक लागलेला शिक्षक आहे. एका गायिकेच्या नादाने त्याची नोकरी जाते. मग तिच्याशी लग्न करून तो आपल्याच घरात जुगाराचा अड्डा मांडतो आणि शहरातील प्रतिष्ठितांना नागवतो. नीतीचे गोडवे गाणारे नागरिक रात्री त्याच्याच दाराशी येतात. मान यांचा रोख कैसरकालीन अधिकारशाहीवर आणि भद्र समाजाच्या ढोंगावर होता. १९३० सालच्या ‘द ब्लू एंजल’ या चित्रपटात हा सूड गळाला आणि एका प्राध्यापकाचा करुण अधःपात तेवढा उरला. ‘पिंजरा’त तर पारडे पुरते फिरले. गुरुजी आदर्शाची मूर्ती झाले, तमासगीर चंद्रकला मोहाचे रूप.

अखेरीस गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जाणे पत्करतात, पण गावाने उभारलेल्या आपल्या पुतळ्याला तडा जाऊ देत नाहीत. असत्यावर उभ्या असलेल्या श्रद्धेची किंमत काय, या प्रश्नाला पटकथा स्पर्श करते. उत्तर मात्र अश्रूंत वाहून जाते. चिकित्सेपेक्षा मूर्तिपूजा बरी, ही शिकवण लोकशाहीला मानवणारी नाही. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला तर ती अधिकच खुपते.

याहून मोठी उणीव आर्थिक आहे. चंद्रकलेचे नाचणे हे श्रम आहेत, याची दखल कथा घेत नाही. तमाशाच्या फडातील कलावंत, बहुतांशी दलित आणि भटक्या जातींतले, हंगामापूर्वी मालकाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत बांधलेले राहतात. मालकाच्या डोक्यावर पुन्हा सावकार असतोच. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानित झालेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली हलाखीतच गेल्या; पुढे शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. हयातीत उपेक्षा आणि मागाहून गौरव, हा आपला जुनाच रिवाज.

आमच्या तुमसरच्या परिसरात बिडी वळणाऱ्या बाईचे काम हजारी मोजले जाते. मोजले जाते म्हणूनच दरासाठी भांडता आले, संघटना उभ्या राहिल्या, १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याने सारे साधले असे नव्हे. परंतु तिला कामगार म्हणून नाव मिळाले. नाचणारीच्या वाट्याला टाळ्या येतात आणि त्यांच्या पाठोपाठ बदनामी. कामगार हे नाव येत नाही. आमच्या झाडीपट्टीतील दंडार आणि खडी गंमत करणाऱ्या कलावंतांचीही गोष्ट फारशी निराळी नाही.

अर्धशतकानंतर, २०२२ साली, विश्वास पाटील यांच्या कादंबरीवरून प्रसाद ओक यांनी ‘चंद्रमुखी’ पडद्यावर आणली. येथे नायिकेकडे सहानुभूतीने पाहिले आहे, हे मान्य. तरीही कथेचा आस राजकारणी पुरुषाशी असलेले तिचे प्रेम हाच राहिला.

‘पिंजरा’तले निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले. लोकनाट्य हे लोकशिक्षणाचे साधन आहे, हे त्या पथकाने कृतीने दाखविले. फुले आणि लागू यांनी पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठीही आपली लोकप्रियता राबविली. त्या परंपरेचे आपण वारस असू, तर लावणीला दाद देऊन उठणे पुरेसे नाही. आपल्या तालुक्यातील कलावंतांची नोंद, उचलीचा लेखी हिशेब आणि म्हातारपणीचे मानधन, या तीन मागण्या शाखांनी हाती घ्याव्यात.