शोभायात्रा आणि ऋतुचर्या

गुढीपाडव्याला गिरगावातील शोभायात्रेत नऊवारी, नथ व फेटा यांचा थाट मोठा स्पृहणीय असतो. परंतु भर उन्हात कृत्रिम रेशीम घाम कोंडते. सुती नऊवारी व मलमलीचा फेटा शोभेत तसूभरही उणा नाही.

पेयांविषयी मात्र आम्हा वैद्यांनीच विचार करावयास हवा. बर्फाळ शीतपेयांना पर्याय म्हणून आपण सरसकट पन्हे व पियूष सुचवितो. वाग्भटाने तर वसंतात गुरू, शीत, अम्ल, मधुर वर्ज्य करून शुंठीसिद्ध व मुस्तासिद्ध जल सांगितले आहे. मुंबईच्या चैत्रात ग्रीष्माची लक्षणेही दिसतात, हे खरे. म्हणून मिरवणुकीपूर्वी शुंठीजल, उन्हातून परतल्यावर बर्फाविना थोडे पन्हे, आणि कफप्रकृतीस पियूष नकोच, असे आमचे मत आहे. स्वदेशी ते सर्व पथ्यकर, असे शास्त्र म्हणत नाही.