भाजी लपवावी, पण किती दिवस?

परवा एका स्नेह्यांकडे रात्री जेवायला बसलो होतो. त्यांचा सहा वर्षांचा नातू पराठ्याचा एकेक तुकडा दिव्याकडे धरून तपासत होता. "आजी, यात पालक आहे ना?" त्याने विचारले. "नाही रे बाळा, कोथिंबीर आहे," आजींनी समजावले. त्याने ताटली दूर सारली. "काल पण तू असंच म्हणाली होतीस!" सारे हसले. मला मात्र ते हसू घरापर्यंत पुरले नाही. पालक तर पोटात गेला नाहीच, शिवाय आजीच्या शब्दावरचा नातवाचा विश्वासही थोडा उणा झाला होता.

मिक्सरमध्ये भाजी वाटून ती मुलांच्या नकळत खाऊ घालण्याची युक्ती आज घरोघरी चालते. अमेरिकेत २००७ साली याच विषयावरची पुस्तके धडाक्याने खपली. युक्ती निरुपयोगी आहे असेही नाही. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या पदार्थांत भाज्यांचा लगदा मिसळला, तेव्हा त्यांच्या पोटात जाणाऱ्या भाज्या जवळजवळ दुप्पट झाल्या. प्रश्न गंभीर असताना असा उपाय झिडकारून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५८.६ टक्के होते. जंत, संसर्ग अशी कारणे त्यामागे आहेत, तसा निकृष्ट आहारही आहे. आणि सुखवस्तू घरेही यातून सुटलेली नाहीत.

तरीही लपवणे ही कुबडी आहे, आणि कुबडीने चालणाऱ्याला कधीतरी स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. नकळत गिळलेल्या पालकाची चव मुलाला कळत नाही, मग आवड लागणार कशी? नवी चव मूल पहिल्याच घासाला स्वीकारत नाही. तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर आली की ती ओळखीची होते, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. आपण दुसऱ्या नकारालाच हार मानतो आणि 'आमच्या चिरंजीवांना भाजी आवडत नाही' असे चारचौघांत जाहीर करतो. मूलही मग त्या लौकिकाला जागते.

आपल्या स्वयंपाकघरानेही भाज्या मिसळल्या, पण त्यांचे नाव झाकले नाही. तांबड्या भोपळ्याचे घारगे, दुधीचे थालीपीठ, कोथिंबिरीची वडी, कोकणातले काकडीचे धोंडस हे सारे पदार्थ भाजीचे नाव मिरवतच पानात येतात. इतकेच काय, भाज्यांना आपण सणाचा मान दिला. ऋषिपंचमीला कंदमुळे-पालेभाज्यांची भाजी आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर भोगीची भाजी. त्या दिवशी आजोबांपासून नातवापर्यंत सारे तेच जेवतात, म्हणून मूलही जेवते.

येथेच खरी मेख आहे. कार्यालयातून थकून आलेल्या आईने भाजी वाटायची, लपवायची, भरवायची; आणि वडिलांनी मात्र दूरचित्रवाणीसमोर बसून स्वतःच्या पानातले कारले हळूच बाजूला काढायचे! मूल कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्यांच्या दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सुचवले आहे. आपल्या पानात त्यातल्या किती पडतात, हे घरातल्या कर्त्यांनी आधी पाहावे.

मग करावे काय? थालीपीठात दुधी जरूर किसावा, पण विचारले तर खरे सांगावे. शेजारी त्याच दुधीची चमचाभर भाजी वाढावी. मुलाने खाल्ली तर उत्तम, न खाल्ली तर रागवू नये. 'भाजी संपव, मग आइसक्रीम' हा सौदा टाळावा. त्यातून भाजी ही शिक्षा आहे, एवढेच मूल शिकते. त्याला मंडईत न्यावे, मेथी निवडायला, वाटाणे सोलायला बसवावे. पानाच्या डाव्या बाजूची लिंबाची फोड पालेभाजीवर पिळायला लावावी; त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात अधिक शोषले जाते. आणि दिवसातून एकदा तरी भ्रमणध्वनी बाजूला ठेवून सर्वांनी एका पंगतीत बसावे.

निघताना त्या आजींना एवढेच म्हणालो, "वहिनी, उद्या पराठ्याची कणीक त्याच्यासमोरच मळा." त्या क्षणभर थांबल्या, मग नातवाला जवळ घेऊन म्हणाल्या, "पालकच होता रे. उद्या तूच धुऊन दे मला." त्याने मान डोलावली. उद्या तो पराठा खाईलच असे नाही. पण तुकडा दिव्याकडे धरण्याची गरज त्याला उरणार नाही.