कान पाहिल्याशिवाय ड्रॉप नको

घरात कोणाचा कान दुखू लागला की आपल्याकडे साधारण तीन गोष्टी होतात. कोणी लसूण टाकून तेल गरम करते. कोणी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'कानाचं औषध' आणते. कोणी फडताळातून गेल्या वर्षीची अर्धी राहिलेली बाटली काढते. लेकरू रडत असते, रात्र झालेली असते, दवाखाना बंद असतो. हे सगळे मायेपोटीच होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण तिन्ही वेळा एक गोष्ट राहून जाते. कानाच्या आत काय झाले आहे, हे कोणीच पाहिलेले नसते.

वॉर्डात नर्स म्हणून आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही जे पाहिले, त्यावरून आमचे मत ठाम झाले आहे. कानाचे ड्रॉप हे चांगले औषध आहे, पण कान पाहून दिले तरच. न पाहता टाकलेला थेंब कधी वाया जातो, तर कधी ऐकणेच घेऊन जातो.

कानाच्या छिद्रातून आत जाणारी नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाला पातळ पडदा असतो. पडद्याच्या मागे एक लहान पोकळी असते आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दी झाली की जंतू नाकातून कानात पोहोचतात. पडद्यामागे पू साठतो, पडदा ताणला जातो आणि लेकरू रात्रभर कळवळते. लहान मुलांच्या कानदुखीचे हे नेहमीचे कारण. आता विचार करा, आजार पडद्याच्या मागे आहे आणि पडदा शाबूत आहे. वरून टाकलेला जंतूंवरचा ड्रॉप पडद्यापुढेच राहतो. तो पुवापर्यंत पोहोचतच नाही.

दुसऱ्या प्रकारात आजार बाहेरच्या नळीतच असतो. काडी, हेअरपिन, सेफ्टीपिन घालून कान कोरला, पोहताना पाणी गेले, पावसाळ्यात दमटपणाने बुरशी धरली, की नळी सुजते आणि खाजते. कानाची पाळी ओढली किंवा छिद्रापुढचा लहान उंचवटा दाबला की जोरात दुखते. इथे मात्र ड्रॉप हेच मुख्य औषध असते आणि नीट टाकले तर चांगला गुण येतो. तरीही जंतूंचे ड्रॉप वेगळे, बुरशीचे वेगळे आणि मळ मऊ करण्याचे वेगळे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही बाटल्यांत तर जंतूंवरचे, बुरशीवरचे, सूज उतरवणारे आणि बधिर करणारे अशी चार औषधे एकत्र असतात. बधिर करणाऱ्या औषधाने दुखणे थोडा वेळ दबते. आपल्याला वाटते गुण आला, आणि आतला आजार वाढत राहतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पडद्यामागचा पू वाढून पडदा फुटतो. कानातून पू वाहू लागतो आणि दुखणे एकदम थांबते. घरातले म्हणतात, "घाण निघून गेली, बरं झालं." बहुतेक मुलांचा पडदा नंतर आपोआप भरून येतोही. पण काहींचे छिद्र तसेच राहते. मग दर सर्दीला कान वाहतो, आणि "मोठा झाला की थांबेल" म्हणत वर्षे निघून जातात.

छिद्र असलेल्या अशा कानात चुकीचा ड्रॉप गेला तर तो थेट आत उतरतो. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी औषधे आतल्या कानाच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. गेलेले ऐकणे परत येत नाही. मळ मऊ करण्याचे ड्रॉपही छिद्र असलेल्या कानात टाकायचे नसतात. पडद्याला छिद्र आहे की नाही, हे मेडिकलच्या काउंटरवरून दिसत नाही. फडताळातल्या बाटलीला तर नाहीच नाही.

यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. मूल वर्गात मागच्या बाकावर बसते. बाई काय म्हणाल्या ते अर्धेच ऐकू येते. हाक मारली तर ओ देत नाही. शाळेत त्याला 'ढ' म्हणतात, घरी 'लक्ष नाही' म्हणून मार बसतो. हळूहळू ते शाळेतून गळते. कान वाहतो म्हणून शाळा सुटली, असे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते. आपल्या घरांत शिक्षणाची किंमत काय आहे, ती कोणत्या कष्टाने मिळाली आहे, हे वेगळे सांगायला नको. म्हणून वाहणारा कान ही किरकोळ गोष्ट आम्ही मानत नाही.

मग रात्री कान दुखला तर काय करायचे? दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तोंडाने द्या. कानाच्या दुखण्यावर रात्री घरात करता येण्यासारखा हाच भरवशाचा उपाय आहे. मुलाच्या वजनाच्या दर किलोला एका वेळी १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान ६ तासांचे अंतर आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नाहीत. बाटली वाचून घ्या. काही सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असते, तर काहींत २५०. दहा किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतले ६ मिली लागेल, दुसरीतले फक्त ३ मिली. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. कोरड्या कापडाचा सोसवेल असा शेक बाहेरून द्यायला हरकत नाही. तेल, लसणाचा रस, कांद्याचा रस, अंगावरचे दूध कानात घालू नका. आणि सकाळी कान दाखवा, दुखणे थांबले असले तरी.

डॉक्टरांनी कान पाहून ड्रॉप दिले तर ते असे टाका. आधी हात साबणाने धुवा. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून कोमट करा, कारण गार थेंबाने चक्कर येते. चुलीवर किंवा गरम पाण्यात तापवू नका. दुखरा कान वर येईल असे कुशीवर झोपवा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाची पाळी मागे आणि खाली ओढा, मोठ्यांची मागे आणि वर. त्याने नळी सरळ होते. सांगितले असतील तेवढेच थेंब नळीच्या कडेने सोडा. बाटलीचे टोक कानाला लागू देऊ नका. मग छिद्रापुढचा उंचवटा हलक्या हाताने चार-पाच वेळा दाबा आणि पाच मिनिटे तसेच पडू द्या. टाकताना खूप झोंबले, चक्कर आली किंवा औषध घशात उतरल्याची चव आली, तर थांबा आणि पुन्हा डॉक्टरांकडे जा. पडद्याला छिद्र असल्याची ती खूण असू शकते.

कान वाहत असेल तर ड्रॉप टाकण्याआधी तो कोरडा करावा लागतो. पुवाने भरलेल्या कानात औषध आत जातच नाही. स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात करा, कानात अलगद ठेवा, भिजली की काढून टाका. वात कोरडी निघेपर्यंत हे करा. असे दिवसातून निदान तीन वेळा. काडीला कापूस गुंडाळून आत फिरवू नका. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर काढून टाका.

बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. महिनाभराने उरलेले औषध फेकून द्या. एकाची बाटली दुसऱ्याला वापरू नका, शेजारणीला देऊ नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर परत दाखवा. कानाचे ड्रॉप डोळ्यात कधीही टाकू नका. बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून दोन्ही एका डब्यात ठेवू नका.

काही वेळा मात्र सकाळची वाट पाहायची नसते. कानामागे सूज येऊन दुखणे, तोंड वाकडे होणे, गरगरणे, मान ताठणे, उलट्या, गुंगी, खूप ताप, यांपैकी काहीही दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा किंवा शुगर असलेल्या माणसाचा कान जोरात दुखत असेल तरीही उशीर करू नका. मुलाने घड्याळाचा किंवा खेळण्यातला चपटा सेल कानात घातला असेल तर एकही थेंब टाकू नका. ओलाव्याने तो आतले मांस जाळतो. लगेच रुग्णालय गाठा. आणि तंबाखू, मिश्री, गुटखा खाणाऱ्या माणसाचा एकच कान आठवड्यांमागून आठवडे दुखत असेल, तर कानाबरोबर तोंड आणि घसाही तपासून घ्या. तिथल्या गाठीचे दुखणे कानात जाणवू शकते.

आता थोडे दवाखान्यांबद्दल. जंतूंवरची औषधे असलेले ड्रॉप चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत, असा नियम आहे. तो मोडला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण सगळा दोष मेडिकलवाल्याचा किंवा आईचा नाही. दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच असते. रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहायचे आणि कान न बघताच चिठ्ठी हातात पडायची, तर कोण जाईल? म्हणून आमचे सांगणे दोन्हीकडे आहे. डॉक्टरांसमोर बसल्यावर न घाबरता म्हणा, "डॉक्टर, कानात बॅटरीने बघता का? पडदा फाटलाय का?" त्या बॅटरीच्या उपकरणाला ऑटोस्कोप म्हणतात. ते महागडे यंत्र नाही. आपल्या वस्तीच्या दवाखान्यात ते नसेल किंवा बंद पडले असेल, तर महिला मंडळाने सह्यांचा अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. संध्याकाळच्या ओपीडीची मागणीही त्याच अर्जात लिहावी.

२०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. कान वाहणे आणि कमी ऐकू येणे या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. पथक शाळेत येईल तेव्हा मुलाचा कान वाहतो हे शिक्षकांकडून आधीच कळवा. लाजू नका. जुने छिद्र बुजवण्याची शस्त्रक्रिया सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते. आशाताईंना विचारा, चिठ्ठी घ्या.

हा अंक वाचून झाला की आधी फडताळ उघडा. कानाच्या जुन्या बाटल्या असतील त्या काढून टाका. मग घरातल्या प्रत्येक मुलाला पाठीमागून हळू आवाजात हाक मारून पाहा. जे वळले नाही, त्याचा कान या आठवड्यातच दाखवा.