हिमालय बघायचा तर नेपाळच

‘नेपाळमध्ये आता बघण्यासारखं काही उरलं नाही, खरा हिमालय भूतानमध्ये,’ असा निकाल एका प्रवासलेखकाने नुकताच देऊन टाकला. कारणं काय, तर नेपाळमध्ये धूळ, गर्दी आणि कचरा, भूतानमध्ये टापटीप. निसर्गाची तुलना करायला बसलेल्या या लेखात एकाही शिखराची उंची नाही, एकाही नदीचं नाव नाही!

काठमांडूत धूळ आहेच. पण ती शहराची तक्रार झाली, हिमालयाची नव्हे.

हिमालय म्हणजे मुळात उंचीतला फरक. आठ हजार मीटरवरची जगात चौदा शिखरं. त्यांतली आठ नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर, भूतानमध्ये एकही नाही. शिखरांची गणतीही बाजूला ठेवू. नेपाळमधल्या पोखराचं फेवा सरोवर जेमतेम 800 मीटरवर. तिथून साधारण 30 किलोमीटरवर माछापुच्छ्रे 6,993 मीटर उभा. मधे दुसरी हिमरांग आड येत नाही. पहाटे सरोवर अंधारात असतं आणि वर त्या टोकाला नारिंगी ऊन लागलेलं असतं. मान मागे टाकूनच बघावं लागतं. भूतानमध्ये दोचुला खिंडीतून हिमशिखरं दिसतात, पण लांब क्षितिजावर, तीही हवा स्वच्छ असली तर. जोमोल्हारी शिखराच्या पायथ्याशी जायचं तर काही दिवस चालावं लागतं. मग गाडीतून फिरणाऱ्याला ‘खरा हिमालय’ कुठे भेटतो?

हा वाद जुनाच आहे. सोयी आणि स्वच्छता मोजायची आणि तिला निसर्गसौंदर्य म्हणायचं, ही खोड काही जात नाही.

भूतानचं मोठेपण वेगळं आहे आणि ते मनापासून मान्य आहे. देशाचा किमान 60 टक्के भूभाग कायम जंगलाखाली राहील, असं त्यांच्या 2008च्या राज्यघटनेतच लिहिलंय. फोब्जिखाच्या दरीत हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. जंगल आणि पक्षी यांसाठी जरूर भूतानला जावं. गंगखर पुएन्सुम हे 7,570 मीटरचं शिखर त्यांनी अस्पर्श ठेवलं, याबद्दल आदरच वाटतो.

पण डोंगरासाठी नेपाळमधली काली गंडकीची दरी गाठावी. एका अंगाला धवलागिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजारांवर, आणि मधून करड्या गोट्यांचं रुंद पात्र. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतला, टेथिस समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म. आपली मंडळी याच भागातल्या मुक्तिनाथाचं दर्शन घेतात आणि जीपच्या काचा लावून परततात. त्यांनी निदान जोमसोम ते मार्फा एवढं पायी चालावं. पांढऱ्या भिंतींचं, छपराच्या कडेला सरपण रचलेलं मार्फा गाव सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे. दुपारकडे दरीत जोराचा वारा सुटतो, म्हणून सकाळीच निघावं.