मिसिसिपीचा खटला आणि शाळकरी माहितीपट

इतिहासाच्या शालेय स्पर्धा बहुधा थोरांच्या गुणगानापलीकडे जात नाहीत. पारितोषिके वाटली की विषय संपतो. अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलंड येथे सुरू झालेल्या ‘नॅशनल हिस्टरी डे’ या उपक्रमात मूळ साधने धुंडाळून विद्यार्थ्याने स्वतःचा निष्कर्ष मांडावा अशी अपेक्षा असते. माहितीपटाला मर्यादा दहा मिनिटांची.

२००४ च्या सुमारास इलिनॉय राज्यातील तीन विद्यार्थिनींनी शिक्षकांच्या मदतीने मिसिसिपीतील १९६४ चे हत्याकांड हा विषय घेतला. कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीसाठी झटणारे चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे तिघे तरुण २१ जूनच्या रात्री मारले गेले. चव्वेचाळीस दिवसांनी त्यांची प्रेते मातीच्या एका बांधाखाली सापडली. खुनाचा खटला भरणे राज्याचे काम, आणि राज्याने तो भरलाच नाही! केंद्र सरकारने नागरी हक्कभंगाच्या कटाचा आरोप ठेवला, तेव्हा १९६७ मध्ये सात जण दोषी ठरले. पैकी कोणीही सहा वर्षांहून अधिक तुरुंगवास भोगला नाही. सूत्रधार समजला जाणारा एडगर रे किलेन सुटला. ज्यूरीतील अकरा सभासद त्याच्या विरुद्ध होते. धर्मोपदेशकाला दोषी ठरविणे बारावीला जमेना.

या किलेनची ध्वनिमुद्रित मुलाखत त्या मुलींच्या माहितीपटासाठी मिळविली गेली. प्रकरण पुन्हा उघडण्यास या कामाचा हातभार लागला, हे खरे. पण शाळकरी मुलींनी खुनी पकडला, अशी जी कथा सांगितली जाते ती भाबडी आहे. पत्रकार जेरी मिचेल वर्षानुवर्षे हे प्रकरण खणीत होते, मृतांच्या आप्तांनी चिकाटी सोडली नव्हती, आणि २००४ मध्ये नेशोबा परगण्यातील गोरे-काळे नागरिक न्यायाची मागणी करीत एकत्र आले होते. शिवाय दूरच्या राज्यातील माणसे नि कागदपत्रे गाठावयास सवड, पैसा, साधने लागतात. ती शिकागोनजीकच्या सुखवस्तू उपनगरातील शाळेपाशी होती. नेशोबातील गरीब काळ्या मुलांच्या हाती ती आली असती, तर हा प्रश्न विचारला जावयास चाळीस वर्षे लागली असती काय?

२१ जून २००५ रोजी, हत्येला बरोबर ४१ वर्षे झाली त्या दिवशी, ऐंशी वर्षांचा किलेन दोषी ठरला. तोही खुनाबद्दल नव्हे, सदोष मनुष्यवधाबद्दल. साठ वर्षांची शिक्षा भोगीत असता २०१८ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. इतरांविषयीचा तपास मिसिसिपी राज्याने त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, बंद करून टाकला होता.