समन्स आलं म्हणून आजारी पडू नका

मंडळी, आज खरं तर बीपीच्या गोळ्यांवर लिहिणार होतो. पण या महिन्यात तिसऱ्यांदा तीच मागणी आली, म्हणून आधी हे.

"डॉक्टर, कोर्टाचं समन्स आलंय. पंधरा दिवस बेडरेस्टचं एक सर्टिफिकेट द्या ना."

समोरचा गृहस्थ सकाळी खाचरात चिखलणी करून आलेला. नाडी, बीपी, सगळं माझ्यापेक्षा बरं. दावा त्याचा नाही आणि त्याच्यावरही नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रावर त्यानं साक्षीदार म्हणून सही केली होती. आता म्हातारा गेला, जमिनीवरून घरात वाद लागला आणि याला साक्षीला बोलावलं. "मला कशाला ओढतात? मी कुणाच्याच बाजूचा नाही," हे त्याचं म्हणणं.

अहो, कुणाच्या बाजूचा नाही म्हणूनच तर तुम्ही हवे आहात! मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. वाद झाला की त्यातला निदान एक तरी, तो हयात असेल, साक्ष देण्याच्या स्थितीत असेल आणि कोर्टाला त्याला बोलावता येत असेल, तर कोर्टात उभा राहावाच लागतो. तुम्ही घरी बसलात तर ज्या विधवा सुनेच्या नावे तो तुकडा लिहिलाय, तिच्या हातात नुसता कागद राहतो. भोर-वेल्ह्यात पुण्याची माणसं प्लॉट बघत फिरायला लागल्यापासून त्या तुकड्याची किंमत काय झाली, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि घरी बसणं वाटतं तेवढं सोपंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या कलम ३२ प्रमाणे समन्स मिळूनही न येणाऱ्या साक्षीदारावर कोर्ट वॉरंट काढू शकतं, मालमत्ता जप्त करून विकू शकतं, ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतं, जामीन मागू शकतं आणि तो दिला नाही तर दिवाणी तुरुंगातही पाठवू शकतं. अंतराची सवलत आहे, पण कोर्टाच्या हद्दीबाहेर १०० किलोमीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्याला. वाटेत बहुतेक अंतर रेल्वे किंवा एसटीची सोय असेल तर ५००. भोरच्या कोर्टात काय किंवा शिवाजीनगरला काय, आपल्याकडच्या माणसाला ती लागू नाही.

तुमचा हक्कही ऐका, हा कुणी सांगत नाही. ज्या पक्षानं बोलावलं त्यानं तुमचा प्रवासखर्च आणि भत्ता आधी कोर्टात भरायचा असतो. बेलीफ समन्स देताना विचारा.

आता खऱ्या आजाऱ्यांचं. अर्धांगवायूनं खाटेला खिळलेल्या आजीला मढे घाटाकडच्या वाडीतून जीपमध्ये घालून कोर्टात नेताना मी पाहिलंय. दुपारी परत. का? तर वकील तयार नव्हते, पुढची तारीख! याचा मला मनापासून राग येतो. त्याच संहितेच्या आदेश २६ मध्ये अशा माणसाची साक्ष कमिशन नेमून घरी घेण्याची सोय आहे. आजारपणाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत डॉक्टरचं सर्टिफिकेट चालतं, डॉक्टरला कोर्टात बोलवावंही लागत नाही. साक्षीदार हजर आणि वकील गैरहजर किंवा तयार नाही, असं झालं तर न्यायाधीश स्वतः जबाब नोंदवू शकतात, हेही आदेश १७ मध्ये लिहिलेलं आहे. वकीलमंडळींनी एक अर्ज केला असता तर आजीची ती फरपट वाचली असती. फीमध्ये तेवढं बसतं, असा माझा समज आहे.

म्हणून धडधाकट माणसाला मी सर्टिफिकेट देत नाही. कोर्ट माझ्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. ती मी चिखलणी करून आलेल्यासाठी खर्च केली, तर उद्या खाटेवरच्या आजीच्या सर्टिफिकेटकडेही संशयानंच बघतील. शिवाय असा खोटा दाखला देणारा डॉक्टर आणि तो जाणूनबुजून खरा म्हणून वापरणारा, दोघांनाही खोट्या पुराव्याइतकीच शिक्षा आहे. परिचयातले काही डॉक्टर शंभर-दोनशे रुपयांत देतात, मला माहीत आहे. त्यांच्याकडे जाण्याआधी एवढं वाचा.

आम्ही डॉक्टरही सुटत नाही बरं का. मृत्युपत्राच्या वेळी "शुद्धीत आहेत" असं लिहून दिलं की आम्हालाही समन्स येतं. वकिलाला अशिलाची गुपितं झाकता येतात, तशी सवलत पेशंटच्या बाबतीत आम्हाला नाही. न्यायाधीशांनी आदेश दिला की सांगावंच लागतं.

भीती वाटते, हे मात्र खरं. पुकारा झाला की छाती धडधडते, बीपी चढतं. सकाळची गोळी चुकवू नका, शुगरवाल्यांनी भाकरी बांधून न्या, नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आठवत नसेल ते "आठवत नाही" म्हणा. आणि तपासून घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी या, फी घेणार नाही. सर्टिफिकेट मात्र मागू नका.