नुसत्या मौनाने माणसं जोडली जातात का?

परिपाठाला आपण मुलांना दोन मिनिटं मौन पाळायला सांगतो. दुसऱ्या मिनिटाला चुळबूळ सुरू होते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता अशी उपासना डोळ्यांसमोर आणा, जिच्यात साधारण तासभर मौनच असतं. पुजारी नाही, मूर्ती नाही, भजन नाही, ठरलेलं प्रवचन नाही. कुणाला अगदी आतून सांगावंसं वाटलं तर तो उभा राहतो, चार वाक्यं बोलतो आणि खाली बसतो. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन केलं की सभा संपली.

ही क्वेकर लोकांची जुनी पद्धत. 17 व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने हा पंथ उभा राहिला. 'क्वेकर' म्हणजे थरथर कापणारा. हे लोकांनी चेष्टेने ठेवलेलं नाव; ते स्वतःला 'फ्रेंड्स', म्हणजे मित्र म्हणवतात. आज केनियासारख्या देशांत पाद्री आणि गाणी असलेली क्वेकर उपासनाही मोठ्या प्रमाणावर चालते. पण मी इथे बोलतोय ते मौन पाळणाऱ्यांबद्दल. ते संख्येने थोडे आणि विखुरलेले. एखाद्या गावात एकच घर, आणि जवळची सभा कित्येक तासांच्या अंतरावर.

मग अशा एकट्यादुकट्या माणसांचं 'आपण' तयार कसं होतं? मौनामुळेच, असं उत्तर हमखास मिळतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. डोळे मिटून तर कुणीही आपापल्या घरी बसू शकतो. तीन आठवडे आपण सभेला दिसलो नाही, तर कुणीतरी विचारपूस करतं की नाही, खरा प्रश्न तो आहे.

पहिल्या पिढीतल्या क्वेकरांना हे चांगलं कळलं होतं. मार्गारेट फेल या बाईंचं स्वार्थमूर हॉल हे घर म्हणजे जणू या पंथाचं टपाल कार्यालयच होतं. गावोगाव फिरणारे प्रचारक तिथे पत्रं पाठवायचे, तिथून उत्तरं जायची. फिरणाऱ्यांच्या आणि तुरुंगात पडलेल्यांच्या खर्चासाठी निधीही गोळा केला जायचा. 1682 च्या लंडनच्या वार्षिक सभेने ठिकठिकाणच्या मित्रांना प्रश्न विचारले. बघा हं, प्रश्न काय होते! गेल्या वर्षात तुमच्याकडचे कोणते प्रचारक वारले? श्रद्धेपायी कैदेत गेलेल्यांपैकी कोण तुरुंगातच दगावले? तुमच्यात सलोखा आहे ना? देव कसा आहे, स्वर्ग कुठे आहे, असलं काही नाही. आधी माणसांची हजेरी!

त्याच वर्षी ब्रिस्टल शहरात जे घडलं ते तर प्रत्येक शिक्षकाने वाचावं असं आहे. सरकारमान्य चर्चच्या बाहेर एकत्र जमून उपासना करायला बंदी होती. मोठी माणसं पकडून तुरुंगात टाकली गेली. तो कायदा होता 16 वर्षं आणि त्यावरच्या वयाला लागू. मग मुलांनीच सभा चालू ठेवल्या. त्यांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. आईवडिलांची जागा आपण धरून ठेवायची, हे त्या पोरांना तासाचं मौन पाळून एकट्याने उमगलं असेल असं मला वाटत नाही. घरात कुणाची पत्रं येतात, कुणासाठी पैसे जातात, कोण कैदेत आहे, हे ऐकत ती वाढली होती.

पुढे मात्र या समाजाने वेगळी वाट धरली. ओळख टिकवायची म्हणून कुंपण घातलं. साधे, ठरावीक कपडे. सगळ्यांना, अगदी न्यायाधीशालासुद्धा, 'तू' म्हणायचं. (आपल्याकडे वर्गात हा प्रयोग कुणी करून बघू नये!) सुरुवातीला त्या 'तू'मध्ये समतेची धार होती, नंतर ती नुसती खूण उरली. पंथाबाहेर लग्न केलं की नाव कमी. ब्रिटनमध्ये माणसं गळत गेली. 1859 मध्ये जॉन स्टीफन्सन राउंट्री यांनी या गळतीवर निबंध लिहिला आणि लग्नाच्या या नियमाकडे बोट दाखवलं. लवकरच तो नियम सैल झाला. कुंपणाने आतली माणसं राखली नाहीत, उलट बाहेर घालवली, असं मी तरी यातून वाचतो.

आपल्या महाराष्ट्राशी याचा एक धागा आहे. मार्जरी साइक्स या इंग्रज क्वेकर शिक्षिकेने सेवाग्रामला नई तालीमचं काम केलं, त्या शिक्षणपद्धतीचा इतिहास लिहिला आणि भारतातल्या क्वेकरांवरही पुस्तक लिहिलं. आजूबाजूला क्वेकरांची वस्ती नसतानाही त्यांचं क्वेकर असणं टिकलं ते वेशावर किंवा बोलण्याच्या खुणांवर नाही. कामावर आणि नात्यांवर.

2020 च्या साथीत पडद्यावरच्या मौनसभा सुरू झाल्या आणि लांबच्यांची सोय झाली. त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते मोठंच सुख आहे. पण तास संपल्यावर एक बटण दाबलं की चौकटी नाहीशा होतात, आणि चहाच्या कपाबरोबर होणारी 'गुडघा कसा आहे?' ही चौकशी राहून जाते. म्हणून माझं म्हणणं असं, की विखुरलेल्या गटाने मौनाची वेळ ठरवण्याआधी कोण कुणाला फोन करणार ते ठरवावं. पंधराजणांचा गट असला तरी यादी हवी. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी बाळ आलं, हे सगळ्यांना माहीत हवं.

त्यांच्याकडे एक जुनी रीत अजून चालू आहे. वार्षिक सभा संपताना 'सर्व ठिकाणच्या मित्रांना' असं एक पत्र लिहिलं जातं आणि दूरदेशीच्या सभांमध्ये ते मोठ्याने वाचलं जातं. जिथे सभाच नाही, एकच माणूस आहे, तिथेही ते पोचावं, आणि त्याचं उत्तर यायची वाट कुणीतरी बघावी.